खाडा की पाळणूक

शालनताई,

आज मंगळवार. आपल्या व्यायामाच्या तक्त्यात मंगळवारच्या चौकोनात 'पा' असतो. पा म्हणजे पाळणूक. आज चालायचं नाही, वजन उचलायचं नाही, एका पायावर उभं राहायचं नाही. तुम्हाला जाऊन आज पंधरावा दिवस. त्या दिवशीही मंगळवारच होता.

रंकाळ्यावर सकाळी भेटणाऱ्या आपल्या मंडळींनी मला तुमच्यावर चार शब्द लिहून द्यायला सांगितलं. याद्या करणारी मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. सवयीप्रमाणे कागद घेतला आणि क्रमांक टाकले. जन्मगाव, शिक्षण, नर्सची नोकरी, बदल्या, निवृत्ती, मागे परिवार. सहा ओळी झाल्या. वाचून बघितल्या तर सगळ्या बरोबर होत्या आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. तो कागद तुमच्या सुनेला, रोहिणीला देऊन टाकला. तिला कुठे ना कुठे लागेलच. आता हे लिहितेय ते क्रमांक न टाकता. जमेल तसं.

दोन वर्षं होतील आपल्या ओळखीला. डॉक्टरांनी नुकताच माझा कान धरला होता. साखर काठावर, रक्तदाब काठावर, वजन काठ ओलांडून पुढे. वय एक्कावन्न, कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक, म्हणजे दिवसभर खुर्ची. मी दुसऱ्याच दिवशी पावलं मोजणारं घड्याळ आणलं, बूट आणले आणि रंकाळ्याला फेऱ्या सुरू केल्या. रोज दहा हजार पावलं. वाटेत एका बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई बसलेली असायची. दोन हातांत पाण्याच्या दोन बाटल्या, आणि त्या सावकाश खांद्यापर्यंत वर, सावकाश खाली. दोन दिवस मी बघितलं न बघितलं केलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही हाक मारलीत.

"ओ पावणं, कुठं आग लागलीया?"

मी थांबले नाही. पुढच्या फेरीला तुम्ही बाटली धरलेला हात रेल्वेच्या फाटकासारखा आडवा केलात.

"बसा की जरा."

"माझी अजून अडीच हजार पावलं राहिलीत."

"पळून जात न्हाईत ती. बसा. बाकावर न्हवं, खाली बसा. हिरवळीवर."

मी का बसले ते मला आजही सांगता येणार नाही. तुमच्या आवाजात दवाखाना होता. पुढच्याने बाही वर करावी, जीभ दाखवावी, असा आवाज. मी मांडी घालून बसले.

"आता उठा. हात टेकायचा न्हाय."

मी पुढे झुकले, मागे गेले, परत झुकले. शेवटी गुडघ्यांवर येऊन, दोन्ही हात टेकून, बाकाची कड धरून उभी राहिले. बाजूने लोक जात होते. तुम्ही हसला नाहीत.

"चालतीस घोड्यागत आणि उठतीस म्हशीगत," म्हणालात. अहो-जाहो तिथेच संपलं.

एरवी मी चिडले असते. पण त्या वेळी मला आई आठवली. माझी आई रोज मंडईत चालत जायची, चालत यायची. सगळे म्हणायचे, हिला काय धाड भरलीय. एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली. पहिल्या खेपेला काहीच मोडलं नाही. फक्त तिला उठता आलं नाही. दाराला आतून कडी. सुतार येऊन दार काढेपर्यंत ती ओल्या फरशीवर बसून होती आणि बाहेर आम्हाला सांगत होती, "मला कुठं काय झालंय, नुसतं उठवत नाही." त्यानंतर तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. ती चालणं टाळायला लागली, आणखी अशक्त झाली, पुन्हा पडली, आणि दुसऱ्या वेळी खुबा मोडला. शेवटची दोन वर्षं पलंगावर. कूस बदलायलाही माणूस लागायचं.

मला पडण्याची भीती नव्हती, पडल्यावर उठता न येण्याची होती. हे मी माझ्या नवऱ्याला, सुरेशनाही, नीट सांगितलं नव्हतं. तुम्हाला ओळख होऊन दहा मिनिटं झाली असतील, आणि सांगून मोकळी झाले.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि माझं मनगट धरून घड्याळ स्वतःकडे वळवलंत. "मग ह्यात उठण्याचा आकडा कुठं दिसतोय?"

तिथून आपलं सुरू झालं. तुमचं घर निघालं माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्या रविवारी मी पट्टी, पेन्सिल आणि चार रंगांची पेनं घेऊन तुमच्या दाराच्या पायरीवर हजर. माझा आराखडा तयार होता, सातही दिवस, सकाळ-संध्याकाळ. तुम्ही चष्मा पुसून तो वाचलात आणि विचारलंत, "ह्यात तू स्वयंपाक कवा करणार?"

मग एकेक ओळ कापत गेलात. चालणं आठवड्यातून चारच दिवस, पण असं की बोलता यावं आणि गाणं म्हणता येऊ नये. मी म्हटलं, मला तसंही गाणं म्हणता येत नाही. "मग तुला सोपं हाय," म्हणालात. दोन दिवस ताकदीचे. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन अर्धा पाण्यानं भरून उचलायचा, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठायचं, भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे करायचं. रोज थोडं अंग ताणायचं. आणि तोल सांभाळायचं काम स्वयंपाकघरात. दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचं.

"आणि उतू गेलं तर?"

"गॅस बंद कर आणि पाय बदल."

पहिले काही दिवस सुरेश चहाच्या वेळी डोकावून "बगळा उठला का?" म्हणायचे. नंतर तेही एका पायावर उभे राहायला लागले. मात्र ओट्याला धरून. तुम्ही त्याला मान्यता दिली नाहीत.

मला चालणंच आवडायचं, कारण ते मोजता यायचं. कॅन उचलायचा मला कंटाळा. त्यावर तुम्ही मला ऊस समजावून सांगितलात. "नुसतं पाणी पाजून ऊस येतोय व्हय? भांगलून तण कोण काढणार? बुडाला मातीची भर कोण लावणार? पाणी पाजायला सोपं, म्हणून सगळी पाणीच पाजत बसत्यात." माझं माहेर शेतकऱ्याचं, तरी ऊस असा कुणी मला लावून दाखवला नव्हता. रविवारी फिरून झाल्यावर आपली मंडळी मिसळ खायला जायची, ते मला तक्त्यात लाल पेनानं बंद करायचं होतं. तुम्ही पेन काढून घेतलंत. "मिसळीला रकाना नको. कधीतरी खायची गोष्ट हाय ती. तर्री कमी घे."

तक्ता तयार झाला आणि माझ्या फ्रिजवर लागला. एका रकान्यावर माझा 'नी', दुसऱ्यावर तुमचा 'शा'. तुमचं नाव मी तुम्हाला न विचारता घातलं होतं. तुम्ही म्हणालात, मला कशाला, मी काय शाळेत हाय? पण दुसऱ्या दिवशी फिरून परत जाताना मुद्दाम माझ्या घरी आलात आणि आपल्या चौकोनात बरोबरची खूण आहे का ते बघून गेलात.

आपलं भांडण मंगळवारावरून सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुम्ही सात दिवसांतला एक दिवस कोरा ठेवला होता. तो कोरा चौकोन मला बघवत नव्हता. तक्त्यात मी काही लिहिलं नाही, पण मंगळवारी तुम्ही रंकाळ्यावर येत नाही हे ठाऊक असल्यामुळे गुपचूप जाऊन दोन फेऱ्या मारून यायची. सव्वा महिना असं चाललं. मग उजवा गुडघा सुजला. ऑफिसचा जिना उतरताना मी कठडा धरायला लागले. तुमच्यापुढे लपवायचा प्रयत्न केला, पण माणूस कसा चालतो हे बघण्यातच तुमची नोकरी गेलेली. बाकावर बसवून तुम्ही गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबलेत.

"किती दिवस झाले?"

"आठवडा. पण एकही खाडा नाही," मी म्हटलं. हे मी अभिमानानं म्हटलं होतं.

"खाडा!" तुम्ही अंगठे काढून घेतलेत. "तू काय रतीब घालतीस व्हय स्वतःचा?"

आमच्या घरी कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहायची पद्धत. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या दिवशी 'खा'. ऑफिसात सफाईवाल्या बाईंचेही खाडेच. खाडा म्हणजे यायला हवं होतं आणि आलं नाही. माझ्याकडे न केलेल्या दिवसाला दुसरा शब्दच नव्हता. तो शब्द तुम्ही दिलात.

त्या दिवशी तुम्ही प्रथमच तुमच्या आईबद्दल सांगितलंत. कागलकडचं तुमचं गाव, आणि आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला. गावच्या जत्रेआधी पाच मंगळवार पाळणूक असायची. त्या दिवशी गावात कुणी औत धरायचं नाही, रानात खुरपं न्यायचं नाही, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही.

"आमच्यात देव न्हाईत. आज्जानं छप्पन साली देव सोडलं, दीक्षा घेतली," तुम्ही म्हणालात. "पर पाळणूक गावाची हुती. कुणी बोलवायलाच यायचं न्हाय. आई सकाळी उशिरा उठायची. माझ्याकडून डोक्याला तेल लावून घ्यायची आणि उन्हात पाय पसरून बसायची. वर्षातलं पाच दिवस मी तिला असं बसलेलं बघितलं. तिला कोण म्हणलं असतं का, की खाडा केलास म्हणून?"

तुम्ही माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवलात.

"रान एक दिवस उघडं ठेवत्यात, बैल सोडत्यात, आणि तू गुडघा सोडंना."

घरी येऊन मंगळवारच्या कोऱ्या चौकोनात मी हिरव्या पेनानं 'पा' लिहिलं. कोरं दिसत नव्हतं म्हणून बरं वाटलं. गुडघा तीन आठवड्यांत उतरला. पाळणुकीच्या दिवशी चोरून केलेला व्यायाम तक्त्यात धरायचा नाही, हा नियम तुम्ही तेव्हाच केलात. माझ्यासारख्या बाईला चोरी करण्यात काही फायदाच उरू नये म्हणून.

पण मी पूर्ण हरले नव्हते. मंगळवार सोडून कुठलाही दिवस चुकला की माझ्याकडे लाल 'खा'. तुमचं म्हणणं असं नाही. ताप आला, पाय मुरगळला, घरात कुणाचं दुखणं निघालं, तर ती पाळणूकच. मी म्हणायची, मग आळसाला काय म्हणायचं? आज ताप, उद्या पाऊस, परवा पाहुणे, सगळ्याला पाळणूक म्हटलं की संपलाच व्यायाम. एकदा पेठ वडगावला तुमच्या बहिणीकडे दोन दिवस राहून आलात, त्याचेही मी दोन 'खा' लावले. तुम्ही फ्रिजसमोर उभ्या राहून ते वाचलेत.

"तुझ्या ऑफिसच्या मस्टरला रजा असती का न्हाय?"

"असते. पण रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो."

"शरीर अर्ज देतंय की," तुम्ही म्हणालात. "तुला वाचता येत न्हाय."

मी हसले होते. चहा टाकला होता. तुम्ही एका पायावर उभ्या होता.

आता सांगायचं ते सांगते.

शेवटच्या शुक्रवारी आपण दोघी चाललो. तुम्ही दोनदा बाकावर बसलात. मी घड्याळ बघून म्हटलं, आपला वेग कमी होतोय. तुम्ही म्हणालात, "तू हो पुढं." परत येताना कोपऱ्यावर तुम्ही नेहमीसारखं "येतो गं नीता" म्हणून वळलात. आमच्याकडच्या थोरल्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मी मागे वळूनही बघितलं नाही, कारण रोजचंच होतं.

शनिवारी तुमचा निरोप आला, "आज माझी पाळणूक." मी उत्तर पाठवलं, "पाळणूक मंगळवारी. आज खाडा." रविवारी तोच निरोप, पुढे हात जोडल्याचं चित्र. सोमवारी तुम्ही फक्त 'पा' एवढंच अक्षर पाठवलंत. मी तुमच्या रकान्यात लाल पेनानं तीन 'खा' घातले, तक्त्याचा फोटो काढला आणि तुम्हाला पाठवला. खाली लिहिलं, "सलग तीन!" आणि हसरा चेहरा. तुमचं उत्तर आलं, "बरं, सुपरिटेंडंट."

मंगळवारी पाळणूक, म्हणून मी आले नाही. तुम्ही कशा आहात हे बघायला दोन गल्ल्या ओलांडून आले नाही. सकाळी पावणेनऊला रोहिणीचा फोन आला. तुम्ही खुर्चीत बसून चहा मागितला होता. ती कप घेऊन आली तेव्हा सगळं झालं होतं.

जलदान विधी त्याच आठवड्यात रविवारी झाला. पांढरी साडी नेसून मी मागे बसले होते. वंदना मला पाठ नाही, पण सगळ्यांच्या मागून हळू म्हणत गेले. तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना माझ्या मनात एकच वाक्य होतं, आणि ते चांगलं नव्हतं. ते होतं, "तुम्ही नर्स होता." छत्तीस वर्षं लोकांना सांगितलंत की छातीत जड वाटलं तर घरी बसू नका. माझी साखर तुम्ही तीन-तीन महिन्यांनी तपासायला लावलीत, रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हतात. आणि स्वतः?

परवा रोहिणी घरी आली. तुम्ही माझ्याकडून नेलेला तेलाचा कॅन परत द्यायला. दारात उभी राहूनच म्हणाली, "काकू, हे तुमचं. आत्यांनी भरून ठेवलेलं, मी ओतलं न्हाय." ती अजून तुम्हाला 'आत्या'च म्हणते. मी तिला आत बसवलं. तिला काही सांगायचं होतं, हे दिसत होतं.

"त्या तीन दिवसांत त्यांना जिना चढताना दम लागत हुता," ती म्हणाली. "मी म्हणलं, काकूंना बोलवू का? तर म्हणाल्या, नीताला सांगू नगंस. ती लगेच यादी काढंल आणि मला उचलून दवाखान्यात नेईल."

मी म्हटलं, "नेलंच असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," रोहिणी म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी तुमचा फोटो बघून हसल्या हुत्या. मला दाखवला. म्हणाल्या, बग, माझं खाडं मांडलंय हिनं. जायलाच पायजे आता."

रोहिणीला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. मी तिला चहा दिला, तुमच्यासारखीच तिलाही साखर कमी लागते हे लक्षात ठेवलं, आणि तिला व तुमच्या मुलाला येत्या आठवड्यात हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगून वार ठरवला. तेवढं मला येतं. ती गेल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. दोन्ही पायांवर.

शालनताई, मी दोन वर्षं तुमच्याशी वाद घातला, की न केलेल्या दिवसाचं कारण विचारायचं नाही, फक्त नोंद करायची. तुमचा अर्ज तीन दिवस येत होता. शनिवारी आला, रविवारी आला, आणि सोमवारी एका अक्षराचा. मी तो वाचला नाही, लाल केला. तुमचीही चूक आहे, ती मी सोडणार नाही. तुम्हाला वाचता येत होतं आणि तुम्ही लपवलंत, जसा मी गुडघा लपवला होता. फरक इतकाच, की माझं चालणं बघून तुम्ही मला बाकावर बसवलंत, आणि तुम्ही दोनदा बाकावर बसलात तेव्हा मी घड्याळ बघितलं.

हे तुम्हाला समोर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "झालं? आता पाणी पी." म्हणून पाणी प्यायले आणि पुढे लिहितेय.

तुमच्यामुळे काय झालं तेही नोंदवायला हवं. साखर काठापासून बरीच आत आली आहे. औषधाची गोळी डॉक्टरांनी कमी केली. ऑफिसचा जिना मी कठड्याला हात न लावता चढते आणि उतरते. गेल्या उन्हाळ्यात जयसिंगपूरच्या स्टँडवर पाय घसरला आणि मी चक्क पडले. लोक धावत यायच्या आत उठून साडी झटकत होते. त्या दिवशी घरी न जाता थेट तुमच्याकडे आले होते. तुम्ही कोपराला मलम लावलंत आणि विचारलंत, "हात टेकलास?" मी म्हटलं, एक. "अर्धं मार्क," म्हणालात. पण रोहिणीला आतून गुळाचा खडा आणायला सांगितलंत. साखर काठावर असताना तुमच्याकडून मिळालेला तेवढा एकच गोड पदार्थ. दोन वर्षांत माझी गाडी तिथेच अडली होती. मांडी घालून बसायचं, उठताना एक हात जमिनीला. तो हात काही सुटत नव्हता. दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही परीक्षा घ्यायचात आणि दर महिन्याला अर्धं मार्क.

गेले पंधरा दिवस मी काहीच केलेलं नाही. बूट दाराशी आहेत. दूध तापतं, मी दोन्ही पायांवर उभी असते. तक्त्यावर दोन्ही रकाने कोरे, आणि तुम्हाला माहीत आहे, कोरा चौकोन मला बघवत नाही. रोज सकाळी पेन घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. ह्याला काय लिहायचं? खाडा की पाळणूक? विचारायचं तर ज्यांच्याशी वाद, त्याच गेलेल्या.

आज सकाळी तक्ता फ्रिजवरून काढला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडी घालून बसले.

आधी तुमचे तीन 'खा'. आमच्या मस्टरवर खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकीची नोंद झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, आधीचं वाचता यायला हवं, वर बरोबर नोंद करायची आणि शेजारी सही. तसंच केलं. तीन रेघा, तीन हिरवे 'पा', तीन सह्या. खालचे लाल 'खा' अजून वाचता येतात. ते दिसायलाच हवेत.

मग पेठ वडगावचे दोन शोधले, जुन्या कागदावर. बहिणीकडे दोन दिवस बोलत बसणं ही पाळणूकच. तेही दुरुस्त केले.

मग माझे. तुम्ही गेलात त्या मंगळवारपासून जलदान विधीच्या रविवारपर्यंत सहा दिवस, सगळे 'पा'. त्यावर तुमचीही हरकत नसती. मधला मंगळवार आणि आजचा मंगळवार नेहमीचे 'पा'. उरलेल्या सात दिवसांवर मी बराच वेळ पेन धरून बसले. तुमची आई पाळणुकीला उन्हात बसायची, तेव्हा तिला दुसऱ्या दिवशी रानात जायचं आहे हे माहीत असायचं. माझं तसं नव्हतं. मी नुसती बसले होते. तुम्ही असता तर आठव्या दिवशी दारात येऊन म्हणाला असता, "पुरं झालं आता. ऊठ." म्हणून ते सात मी लाल केले. त्यांना सही लागत नाही.

माझं मत असं, की आपण दोघी अर्ध्या-अर्ध्या बरोबर होतो. तुमचं उत्तर येणार नाही, म्हणून हे अंतिम धरत नाही.

उद्या बुधवार, ताकदीचा दिवस. रोहिणीनं आणलेला कॅन ओट्याखाली ठेवला आहे. त्यातलं पाणी ओतून टाकायचं मनात आलं होतं, पण उचलून बघितला तर वजन बरोबर होतं. तसाच ठेवला.

पुढच्या महिन्याचा तक्ता आखून झाला आहे. हात सवयीनं दोन रकाने आखून गेला. दुसरा खोडला नाही. वर 'शा' लिहिलं नाही, आणि आत काही लिहिणार नाही. कोरा राहील. सवय करून घेईन.

एक शेवटचं. तक्ता परत फ्रिजवर लावायला उठले. लोहचुंबक लावला, कागद सरळ आहे का बघितलं, आणि मग लक्षात आलं की उठताना माझ्या डाव्या हातात लाल आणि हिरवी पेनं होती आणि उजव्या हातात तक्ता. टेकायला हातच मोकळा नव्हता.

पण आज मंगळवार आहे, आणि पाळणुकीच्या दिवशी केलेलं धरायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हणून कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला तेवढं सांगितलं.

तुमची,
नीता